विल्सबाई, मार्माइट आणि गिरणगावातली गरोदर बाई

१९२८ सालचा पावसाळा मुंबईच्या गिरण्यांनी भोंग्यांविना काढला. एप्रिलच्या अखेरीस सुरू झालेला सार्वत्रिक संप ऑक्टोबर उजाडेपर्यंत मिटला नाही. दीडेक लाख कामगार कामाबाहेर होते. ज्यांना गाव होते ते कोकणात, घाटावर निघून गेले; ज्यांना नव्हते ते चाळीत राहून वाण्याच्या उधारीवर जगत होते. त्याच पावसाळ्यात, जुलैअखेरीस, मुंबई कायदेमंडळात गिरणीत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता द्यावा की नाही यावर चर्चा झाली. आईला बाळंतपणाआधी विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असे डॉ. आंबेडकरांनी तिथे ठासून सांगितले. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि दिवसाला आठ आणे भत्ता ठरला.

आठ आण्यांवरून वाद घालणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नसलेली एक गोष्ट गिरणगावाच्या मधोमध, परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात सुरू होत होती. हा बंगला मूळचा पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ. पुढे तो इंग्रज गव्हर्नरांचे निवासस्थान झाला, आणि प्लेगच्या साथीच्या काळात तिथे हाफकिन यांची प्लेगवरची लस तयार होऊ लागली. १९२५ पासून त्याचे नाव हाफकिन इन्स्टिट्यूट. लशी, सर्पविष, उंदरांवरच्या पिसवा ही त्या घराची ओळख. १९२८ मध्ये मात्र तिथे बाळंतपणात बायका का मरतात, याची चौकशी चालली होती. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने पैसा दिला होता. डॉ. मार्गारेट बाल्फोर या चौकशीच्या प्रमुख. त्या स्कॉटिश होत्या आणि त्यांचे आयुष्य हिंदुस्थानातल्या जनाना इस्पितळांत गेले होते.

गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाकडे सरकारचे लक्ष याआधीही गेले होते. डॉ. बार्न्स यांच्या १९२२ च्या अहवालात, आई पाळीवर गेली की तान्ह्या पोराला अफूची गोळी चारून निजवले जाते, हे नोंदवलेले आहे. वाचणारे हळहळले. ‘अडाणी आया’ म्हणून नाकेही मुरडली गेली. पण रीळ खात्यात किंवा वाइंडिंगमध्ये दिवसभर उभी राहणारी बाई पोराला कुणाच्या भरवशावर सोडणार, हे त्या नाके मुरडणाऱ्यांनी सांगितले नाही.

बाल्फोरबाईंच्या चौकशीत एक दुखणे पुन्हापुन्हा समोर येत होते. पाचवा-सहावा महिना उलटला की बाईचा रंग उतरायचा. जीभ लाल, सोललेली. तोंडाला चव नाही, हगवण लागलेली, पायांवर आणि तोंडावर सूज. चार पायऱ्या चढल्या की धाप. रक्त तपासले तर एका घनमिलिमीटरमध्ये जिथे ४५ लाखांच्या आसपास तांबड्या पेशी असाव्यात, तिथे त्या दहा-पंधरा लाखांवर आलेल्या. लोहाच्या अभावाने होणाऱ्या नेहमीच्या रक्तक्षयात पेशी लहान आणि फिकट होतात. इथे उलटेच. पेशी थोड्या, पण नेहमीपेक्षा मोठ्या, बेढब, अर्धवट वाढलेल्या. कित्येक बायका बाळंत होताना किंवा झाल्यावर दगावत. ज्या वाचत, त्यांतल्या अनेक जणी काही आठवड्यांत आपोआप सुधारत आणि पुढच्या खेपेला पुन्हा तशाच पडत.

सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र युरोपातल्या एका जुन्या, ओळखीच्या रोगासारखे दिसे: पर्निशस ॲनिमिया. १९२६ पर्यंत तो झाला म्हणजे मरण ठरलेले होते. त्या वर्षी बॉस्टनच्या मिनॉट आणि मर्फी यांनी ४५ रुग्णांना रोज भरपूर काळीज, म्हणजे खाटकाकडची कलेजी, खायला घातली आणि ते रुग्ण उठून बसले. वैद्यकाच्या जगात दुसरा विषय नव्हता. साहजिकच मुंबईतल्या रोगालाही ‘गरोदरपणातला पर्निशस ॲनिमिया’ असे नाव पडले, आणि उपायही तोच सुचवला जाऊ लागला. मुंबईत तो चालणार कसा? पुष्कळ घरांत कलेजी खाणे धर्मात बसत नव्हते. जिथे बसत होते, तिथे रोज पावशेर कलेजीला पैसा नव्हता. काळजाचा अर्क परदेशातून येई आणि त्याची किंमत गिरणी कामगाराने ऐकावीच नाही अशी.

या टप्प्यावर बाल्फोरबाईंनी लंडनहून एका सहकारी डॉक्टरला बोलावून घेतले. लूसी विल्स तेव्हा चाळिशीच्या होत्या. बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा जन्म, सुखवस्तू घर. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या, परीक्षा दिल्या, उत्तीर्णही झाल्या. पदवी मिळाली नाही, कारण केंब्रिज तेव्हा बायकांना पदवी देतच नसे. ती पुढे १९४८ पासून देऊ लागले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या सिलोन आणि दक्षिण आफ्रिकेत हिंडल्या आणि केपटाउनमध्ये रुग्णशुश्रूषेचे काम केले. ते करता करताच डॉक्टर व्हायचे ठरवले. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमधून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पण दवाखाना थाटला नाही. रॉयल फ्री हॉस्पिटलच्या रासायनिक प्रयोगशाळेत रमल्या. लग्न केले नाही. डोंगर चढण्याचा आणि बर्फावरून घसरत लांबलांब जाण्याचा नाद होता. बोलणे तुटक होते असे म्हणतात, आणि ते खरे असावे, कारण त्यांच्या शोधनिबंधांतही फापटपसारा सापडत नाही.

ज्या लंडनच्या कॉलेजात विल्सबाई शिकल्या, तिथूनच त्यांच्या कितीतरी आधी आपल्या रखमाबाई डॉक्टर होऊन आल्या होत्या आणि काही काळ मुंबईच्या कामा रुग्णालयात त्यांनी काम केले होते. १९२८ मध्ये त्या रुग्णालयाची सूत्रे ज्यांच्या हाती आली, त्या डॉ. जेरुशा झिराड याही लंडनमध्ये शिकलेल्या. त्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या, पुण्याच्या शाळेत वाढलेल्या. मुंबईतल्या मातामृत्यूंवर झिराडबाईंनी पुढे स्वतंत्र चौकशी केली. विल्सबाईंना रुग्ण मिळाले ते कामा रुग्णालयासारख्या इस्पितळांतून. एकट्या इंग्रज बाईने येऊन शोध लावला, असे चित्र रंगवायला सोपे आहे. पण त्या वर्षांतल्या निबंधांवर त्यांच्या नावाशेजारी तळपदे, मेहता, बिलिमोरिया ही नावे आहेत. चाळीच्या अंधाऱ्या खोलीत बसून, काल काय शिजवले होते आणि तुझ्या ताटात त्यातले किती आले, हे मराठीत, गुजरातीत, हिंदुस्थानीत विचारायला या माणसांवाचून गत्यंतर नव्हते.

आणि विचारले ते हेच. १९३० मध्ये तळपद्यांच्या जोडीने छापलेल्या पाहणीचा विषय आहे मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणी. वेगवेगळ्या थरांतल्या, वेगवेगळ्या जातिधर्मांच्या घरांत शिजते काय आणि बाईच्या वाट्याला येते काय, याची नोंद त्यात केली आहे. हा रोग संसर्गाने होतो का, हे तपासून त्यांनी ती शक्यता बाजूला सारली होती. मग ताटे पाहिली. ज्या बायकांना हा रोग जडे, त्यांच्या खाण्यात सडीक पांढरा तांदूळ किंवा पाव, वर थोडीशी डाळ. दूध, फळ, पालेभाजी जवळजवळ नाहीच. सर्वांत वाईट ताट होते पडद्यात राहणाऱ्या गरीब मुसलमान बायकांचे, आणि रोगही त्यांच्यातच जास्त. सुस्थितीतल्या घरांत तो क्वचित दिसे. यात धर्माचा दोष शोधणारे तेव्हाही होते. विल्सबाईंच्या पाहणीतून मात्र उत्तर पैशाचे आणि ताटाचे निघाले.

हे पाऊल मला सगळ्यांत मोलाचे वाटते. प्रयोगशाळेत वाढलेल्या रसायनतज्ज्ञ बाईने पहिली नजर पेशीवर न खिळवता चुलीकडे वळवली. आज हे साधे वाटते, पण जीवनसत्त्वे तेव्हा नवी होती आणि त्यांची नावे दर दोन-चार वर्षांनी बदलत होती. रक्तक्षय म्हटले की डॉक्टर अस्थिमज्जेचा, जठराचा, जंतूंचा विचार करत.

संशय आधी ‘अ’ आणि ‘क’ या जीवनसत्त्वांवर गेला, कारण आहारात त्यांची वाण उघड दिसत होती. ती देऊन पाहिली. फरक पडला नाही.

१९२९ च्या एप्रिलमध्ये विल्सबाई निलगिरीतल्या कुन्नूरला गेल्या आणि ऑक्टोबरपर्यंत तिथे राहिल्या. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन हे हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतला आहार उंदरांना खिलवून कोणता उंदीर धट्टाकट्टा होतो ते पाहत असत. शिखांच्या गहू-दूध-भाजीवरचे उंदीर सर्वांत तगडे निघाले, मद्रासी भातावरचे दुबळे. विल्सबाईंनी मुंबईच्या गरीब बाईचे ताट उंदरांपुढे मांडले. माद्या गाभण राहिल्या की पांढऱ्या पडू लागल्या आणि मरू लागल्या. अन्नात यीस्ट घातले की वाचू लागल्या. सगळे कसे जुळून आले होते! पण त्या उंदरांच्या रक्तात बार्टोनेला नावाचा जंतू दडलेला होता आणि तो पसरत होता त्यांच्या अंगावरच्या उवांमुळे. निकृष्ट खाण्याने उंदीर अशक्त झाला की हा जंतू उचल खाई आणि रक्त नासवी. म्हणजे उंदरांचा रक्तक्षय बायकांच्या रक्तक्षयासारखा नव्हताच. परळच्या ज्या बंगल्यात उंदरांवरच्या पिसवांनी प्लेगचे कोडे सोडवायला मदत केली होती, तिथल्याच संशोधकांना उंदरांवरच्या उवांनी चकवले.

तरीही यीस्टचा धागा हातात राहिला. यीस्टमध्ये ‘ब’ गटातली जीवनसत्त्वे भरपूर असतात, हे तोवर सर्वमान्य होते. आता ते माणसाला द्यायचे कसे? यासाठी विल्सबाईंनी औषधाऐवजी वाण्याच्या फळीवरची बरणी निवडली. मार्माइट: काळसर, चिकट, खारट, उग्र वासाचा लगदा. इंग्लंडमध्ये बिअर गाळून झाल्यावर पिंपाच्या तळाशी जे यीस्ट उरते, त्याचा हा अर्क. बर्टन-ऑन-ट्रेंट या बिअरच्या गावी १९०२ पासून तो बनत होता आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या शिध्यातही गेला होता. साहेब लोक तो पावाला लावून खात. ज्याने लहानपणी खाल्लेला नाही त्याला तो आवडण्याची शक्यता कमीच. पण कलेजीच्या अर्काच्या मानाने स्वस्त, आणि प्राणिज नसल्याने कुणाच्या सोवळ्याआड येणारा नाही. विल्सबाईंच्या निवडीत ही किमतीची जाणीव पहिल्यापासून आहे. जो उपाय रुग्णाला विकत घेता येत नाही तो उपाय धरायचा नाही, असाच त्यांचा रोख दिसतो.

बायकांना मार्माइट देऊ लागल्यावर तीन-चार दिवसांत भूक परत येई. त्याच सुमारास रक्तात कोवळ्या तांबड्या पेशींची लाट दिसे. अस्थिमज्जा पुन्हा कामाला लागल्याची ती खूण. मग आठवड्यागणिक पेशींचा आकडा चढे, सूज उतरे, जीभ बरी होई. १९३१ च्या जूनमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा वृत्तांत आला, आणि यीस्टच्या अर्काने असा रक्तक्षय बरा होतो हे जगाला कळले.

लोकप्रिय लेखनात या शोधाची एक गोष्ट सांगतात: एक आजारी माकड काहीच खाईना, वैतागून त्याला मार्माइट चाटवले आणि ते टुणकन बरे झाले. गोष्ट छान आहे. छापलेल्या निबंधांचा क्रम मात्र १९३० मध्ये उंदीर, १९३१ मध्ये बायका आणि १९३२ मध्ये, बिलिमोरियांच्या जोडीने, माकडे असा आहे. माकडे निवडली ती उंदरांच्या उवांनी केलेल्या घोटाळ्यानंतर. निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांना मुंबईच्या बायकांसारखाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला, आणि यीस्टने तो हटला.

मग खरे कोडे सुरू झाले. यीस्टमधले नेमके काय काम करते? शुद्ध स्वरूपात मिळणारी तेव्हाची ‘ब’ जीवनसत्त्वे उपयोगी पडत नव्हती. कच्चा, अर्धवट शुद्ध केलेला काळजाचा अर्क उपयोगी पडत होता. मग मूळ पर्निशस ॲनिमियाचे आणि या रोगाचे औषध एकच का? १९३७ च्या अखेरीस विल्सबाई पुन्हा मुंबईला आल्या. या खेपेला बोटीऐवजी इम्पीरियल एअरवेजच्या पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, रोम, अलेक्झांड्रिया, बसरा असे मुक्काम करत. सहकारी बार्बरा इव्हान्स यांच्याबरोबर त्यांनी जे दाखवले ते या कथेतले सर्वांत तल्लख काम आहे. काळजाचा अर्क जितका शुद्ध करावा तितका तो पर्निशस ॲनिमियावर अधिक गुणकारी होत जाई. मुंबईच्या रोगावर मात्र तोच शुद्ध अर्क निकामी ठरे. म्हणजे शुद्ध करताना जे फेकून दिले जात होते, त्यात मुंबईच्या बाईचे औषध होते. दोन रोग दिसायला जुळे, पण उणीव वेगळी. शिवाय पर्निशस ॲनिमियात मज्जातंतू झिजतात, जठरातले आम्ल आटते. मुंबईच्या बायकांत सहसा तसे नव्हते.

त्या फेकून दिलेल्या घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. त्याचा माग काढणारे मग जगभर निघाले आणि प्रत्येकाने आपापले नाव दिले. माकडांवर काम करणाऱ्यांचे जीवनसत्त्व ‘एम’, कोंबडीच्या पिलांवर काम करणाऱ्यांचे ‘बी-सी’, दुधातल्या जिवाणूंवर काम करणाऱ्यांचे आणखी वेगळे. १९४१ मध्ये टेक्ससमधल्या मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालक घोटून त्यातून चिमूटभर द्रव्य काढले आणि त्याला फॉलिक ॲसिड म्हटले. हेच नाव टिकले. १९४३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले प्रयोगशाळेत स्टोकस्टाड यांनी त्याचे स्फटिक मिळवले, आणि १९४५ मध्ये तिथेच ते कृत्रिमरीत्या तयार झाले.

लेडर्लेच्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगड सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. त्यांचे भाऊ संग्रहणीने गेले होते, ते स्वतःही त्या दुखण्यातून कसेबसे वाचले होते. संग्रहणीत आतडे अन्न शोषून घेत नाही आणि फॉलेट, म्हणजे अन्नातले फॉलिक ॲसिड, शरीरात टिकत नाही. त्यातही हाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय होतो. मुंबईच्या गरोदर बायकांपासून सुरू झालेला माग एका तेलुगू माणसाच्या घरच्या दुःखापाशी येऊन मिळाला, हे कुणी कादंबरीत लिहिले असते तर ओढूनताणून आणल्यासारखे वाटले असते. याच प्रयोगशाळेने पुढे फॉलिक ॲसिडसारखी दिसणारी, पण त्याचे काम अडवणारी द्रव्ये बनवली, आणि बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये त्यांच्या साहाय्याने रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांचे आयुष्य काही महिन्यांनी लांबवले. कर्करोगावरच्या रासायनिक उपचारांची एक वाट अशी परळहून निघते.

रक्तक्षय असो वा कर्करोग, दोन्हींत फॉलेटला इतके महत्त्व येण्याचे कारण एकच आहे. पेशीचे विभाजन व्हायचे तर तिच्या केंद्रकातल्या डीएनएची आधी नक्कल व्हावी लागते, आणि त्या नकलेसाठी लागणारे एकेक कार्बनचे तुकडे फॉलेट आणून देते. ते संपले की पेशी फुगते पण दुभंगत नाही. रक्तपेशी रोज अब्जांनी बनतात, म्हणून उणीव प्रथम रक्तात दिसते. पोटात मूल वाढत असले तर मागणी दुपटीवर जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या मानकांत बाईची रोजची गरज २२० मायक्रोग्रॅम धरली आहे. गरोदर बाईची ५७०. कच्च्या पांढऱ्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम दहा मायक्रोग्रॅम, पालकात १४० च्या घरात, अख्ख्या हरभऱ्यात दोनशेच्या पुढे. त्यातले बरेच फार वेळ शिजवण्यात आणि पाणी ओतून देण्यात जाते.

विल्सबाई १९४७ मध्ये रॉयल फ्रीमधून निवृत्त झाल्या. युद्धकाळात गरोदर बायकांना लोह देऊन पाहण्याची त्यांची एक चाचणी लंडनवर पडणाऱ्या उडत्या बॉम्बमुळे विस्कटली होती. निवृत्तीनंतर जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका इथे आहाराचीच कामे केली, चेल्सीत मजूर पक्षाच्या नगरसेविका झाल्या, आणि १९६४ च्या एप्रिलमध्ये वारल्या. त्यांच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी फॉलेटचा दुसरा अध्याय उघडला, हे त्यांना पाहायला मिळाले नाही.

लिव्हरपूलमधल्या एलिझाबेथ हिबर्ड आणि रिचर्ड स्मिथेल्स यांना १९६५ मध्ये दिसले, की ज्या बायकांना व्यंग असलेली मुले झाली त्यांच्यात फॉलेटचा व्यवहार बिघडल्याच्या खुणा जास्त सापडतात. गर्भाच्या मणक्याची आणि मेंदूची नळी नीट न मिटल्याने होणारी ही व्यंगे. मुले मृत जन्मतात किंवा जन्मभर पांगळी राहतात. स्मिथेल्स यांनी गोळ्या देऊन पाहिल्या, आकडे चांगले आले. पण काही बायकांना मुद्दाम बिनऔषधाची गोळी देणे नीतीला धरून नाही म्हणून तशी तुलना करू दिली गेली नाही, आणि तुलना नाही म्हणून आकड्यांवर कुणी विश्वास ठेवेना. बरीच वर्षे यात गेली. शेवटी निकोलस वाल्ड यांच्या नेतृत्वाखाली सात देशांतल्या ३३ केंद्रांत मोठी चाचणी झाली. १९९१ मध्ये निकाल आला: असे मूल एकदा झालेल्या बायकांत, फॉलिक ॲसिड घेणाऱ्यांच्या गटांत ६ मुलांना व्यंग, न घेणाऱ्यांत २१. धोका ७२ टक्क्यांनी घटला होता. भारतात आयसीएमआरने अशीच एक चाचणी चालवली होती. हा निकाल आल्यावर ती थांबवण्यात आली.

या निकालाने एक विचित्र अडचण उघड केली. ती नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते. तोवर बहुतेक बायकांना दिवस गेल्याचेही कळलेले नसते. भारतात १९७० पासून गरोदर बायकांना लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याची सरकारी योजना आहे. पण नाव नोंदवून, उपकेंद्रात जाऊन गोळी हातात पडेपर्यंत तिसरा-चौथा महिना लागलेला असतो. रक्तासाठी ती गोळी वेळेवर येते, मणक्यासाठी उशिरा. अमेरिकेने यावर १९९८ पासून पिठातच फॉलिक ॲसिड घालणे सक्तीचे केले. आपल्याकडे २०१८ च्या ॲनिमियामुक्त भारत मोहिमेत वीस ते एकोणपन्नास वयाच्या सगळ्याच बायकांसाठी आठवड्याला एक गोळी ठरली. कागदावर हे उत्तर बरोबर आहे. गरोदर नसलेल्या, आजारी नसलेल्या बाईने दर आठवड्याला आठवणीने गोळी घ्यावी, हे जमवणे मात्र पीठ बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

विल्सबाईंनी मुंबईत विचारलेला प्रश्न साठ-पासष्ट वर्षांनी पुण्यात पुन्हा विचारला गेला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका काय खातात आणि त्यांची मुले कशी वाढतात, हे टिपत आले आहेत. पालेभाजी, दूध, फळे जास्त खाणाऱ्या आयांची बाळे जन्मतः अंगाने बरी निघाली. पण रक्ताच्या तपासणीत अनपेक्षित चित्र समोर आले. भाकरी, डाळ आणि शेतातली मेथी-शेपू खाणाऱ्या या बायकांत फॉलेटची उणीव जवळपास नव्हती. लाल पेशींतले फॉलेट कमी असलेली एकच बाई सापडली. दोन तृतीयांश बायकांना उणीव होती ती ब-१२ ची, म्हणजे पर्निशस ॲनिमियात ज्याची वाण असते त्या जीवनसत्त्वाची. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतेच, दूध-मांस-अंड्यांतूनच मिळते. ज्या आयांचे ब-१२ कमी आणि फॉलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढच्या मधुमेहाची, लक्षणे अधिक आढळली. हे २००८ मध्ये छापून आले तेव्हा वाद झाले, आणि ते होणे योग्यच होते. फॉलिक ॲसिडवर शंका म्हणजे कुणाला देवावर शंका वाटली. खरे तर काळजाचा अर्क शुद्ध करत गेल्यावर १९३७ मध्ये जी दोन जीवनसत्त्वे वेगळी झाली होती, त्यांपैकी एकच वाटत राहिल्याचा हा परिणाम असू शकतो. २०१२ पासून याच पाहणीत जन्मलेल्या मुलींना, त्यांचे लग्न आणि बाळंतपण होण्याच्या कितीतरी आधी, रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्याची चाचणी पुण्याच्या या गटाने सुरू केली. त्या मुलींची मुलेही पुढे तपासली गेली.

रेशनच्या तांदळात अलीकडच्या वर्षांत लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ ही तिन्ही मिसळली गेली. शंभर दाण्यांमागे एक दाणा पिठापासून बनवलेला. काही घरांत तो ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून निवडून टाकला जाई, आणि रेशन दुकानदाराला शिव्या बसत. नियमाप्रमाणे किलोमागे फॉलिक ॲसिड ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम. दिवसाला तीनशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या बाईला त्यातून २२ ते ३७ मायक्रोग्रॅम मिळे. कृत्रिम फॉलिक ॲसिड अंगी जास्त लागते हे धरले तरी हिशेब साठ-पासष्टच्या पुढे जात नाही. गरज २२० ची, गरोदरपणी ५७० ची. उरलेले डाळी-उसळीतून, पालेभाजीतून आणि सरकारी लोह-फॉलिकच्या गोळीतून यायचे आहे, आणि महिन्याच्या अखेरीस भाजीचा भाव किती आहे यावर ते येते की नाही हे ठरते.